द्यायला कुठे मनाई आहे?

दवाखान्यात माझ्या मावशीला सगळे 'खिळा' म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की 'खिळा'. तिला ते माहीत होतं. "बरोबर आहे," ती म्हणायची, "खिळा एकदा भिंतीत गेला की गेला. काढायचा तर आधी भिंतीचा पोपडा निघतो."

मावशी रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. एकतीस वर्षं एकच खोली. तळमजला, एक्स-रेच्या शेजारी, खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. दोन शीतकपाटं, त्यातलं एक घशात काहीतरी अडकल्यासारखं घरघरणारं. मावशीचा चष्मा कायम दोरीनं गळ्यात लटकलेला आणि काचपट्टी उजेडाकडे धरून ती हलवण्याची तिची एक ठरावीक लकब. काका शिलाई मशीन दुरुस्त करत. घरात बोलायचं खातं मावशीकडे आणि ऐकायचं काकांकडे, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात झाली होती म्हणे. मी त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव सरहद्दीवरचं. नदीवर पूल, आणि पूल ओलांडला की दुसरा देश.

एका मंगळवारी माझ्या वॉर्डात शाळेतले चित्रकलेचे सर दाखल झाले. पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. शस्त्रक्रिया तर करायलाच हवी, पण त्याआधी रक्त चढवायला हवं. मी नमुना खाली पाठवला. तासाभरानं मावशी स्वतः जिने चढून वर आली. ती कधीच वर येत नसे.

"यांचं रक्त कशाशीच जुळत नाही," ती म्हणाली. "दोन्ही कपाटांतली एकेक पिशवी लावून पाहिली. सगळीकडे नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात."

तो रक्तगट हजारो माणसांत एखाद्याचाच असतो. आपल्या नेहमीच्या चार गटांपैकी कोणाचंही रक्त त्या माणसाला चालत नाही. आमच्या देशाच्या यादीत त्या गटाचं एकही नाव नव्हतं. सरांना एकच भाऊ, तो मालवाहू जहाजावर, तीन आठवडे समुद्रात. पण पुलापलीकडच्या रक्तपेढीत, गाडीनं तासाभराच्या अंतरावर, त्याच गटाच्या सहा पिशव्या गोठवून ठेवलेल्या होत्या. मावशीनं फोन लावला. पलीकडे तिच्यासारखाच एक तंत्रज्ञ होता. वर्षानुवर्षं फोनवर बोलून ती त्याला भाऊ म्हणायला लागली होती.

"ताई, पिशव्या आहेत," तो म्हणाला. "पण तुम्ही करारात नाही. तुमच्या मंत्रालयाचं पत्र आमच्या मंत्रालयाला यायला हवं. त्याशिवाय कपाटाचं कुलूप निघत नाही."

आता हा करार काय, ते सांगायला हवं. आमचा देश आणि पलीकडचा देश, दोन्ही एकाच संघटनेचे सभासद. एकूण बत्तीस देश. संघटनेचा रिवाज असा, की सामाईक काम करायचं तर बत्तीसही जणांनी हो म्हणायला हवं. दुर्मीळ रक्ताची एकच यादी करायची आणि गरज पडेल त्याला पिशवी द्यायची, हा ठराव आठ वर्षं टेबलावर पडून होता. कधी याला शंका, कधी त्याला. शेवटी कुणीतरी संघटनेच्याच नियमावलीतलं एक कलम शोधून काढलं. निदान नऊ सभासद तयार असतील, तर त्यांनी संघटनेच्या छताखालीच आपापसात करार करावा. बाकीच्यांवर सक्ती नाही. त्यांनी अडवायचं मात्र नाही, आणि मनात येईल तेव्हा आत यायला दार उघडं. अकरा देश तयार झाले. पलीकडचा देश त्यात होता. आमचा नव्हता.

बुधवारी आमच्या अधीक्षकांनी मंत्रालयाला कळवलं. गुरुवारी मंत्रालयानं विचारलं, की अर्ज कोणत्या नमुन्यात आहे. शुक्रवारी अर्जाचा कोरा नमुना आला. शनिवारी दुपारी सर गेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे सरांच्या बाई, शाळेत भाषा शिकवायच्या. त्या वऱ्हांड्यात बाकावर बसल्या होत्या आणि मावशी त्यांच्या समोर उभी. मावशीच्या हातात सरांच्या नमुन्याची नळी होती, ती कुठे ठेवायची हे तिला सुचत नव्हतं. त्यांना काय सांगितलं, असं मी नंतर विचारलं. "खरं सांगितलं," मावशी म्हणाली. "रक्त होतं. कागद नव्हता."

परवानगीचं पत्र सोमवारी आलं. मावशीनं ते रक्तपेढीच्या दारावर, आतल्या बाजूनं, डोळ्यांसमोर येईल असं चिकटवून ठेवलं.

मग तिनं मंत्रालयाला पत्र लिहिलं. आपण करारात का नाही? दोन महिन्यांनी उत्तर आलं. मोठं सभ्य होतं. संघटनेची ताकद एकीत आहे, असं त्यात लिहिलं होतं. आज अकरांनी रक्तासाठी चूल वेगळी मांडली, उद्या सातांनी औषधांसाठी मांडली, तर बत्तीसांचं घर उरणार कुठे? म्हणून आपल्या देशाचं धोरण एकच, सगळे मिळून, नाहीतर कोणीच नाही.

"वाईट माणसं नाहीत," मावशी पत्र घडी करत म्हणाली. "पण सरांच्या बाईंना हे वाचून दाखवायची हिंमत आहे का त्यांची?"

हिंमत मावशीचीच झाली. ती पत्र घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मूळ करार कुठे मिळतो? आधी तो वाचू."

करार सेहेचाळीस पानांचा, संघटनेच्या कचेरीतल्या भाषेत. मावशीला ती भाषा कामापुरतीच यायची. मग दर रविवारी सकाळी दोघी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. बाई वाचत, अर्थ सांगत; मावशी मध्येमध्ये म्हणे, "हे परत वाचा. ही माणसं सरळ का नाही बोलत?" सहाव्या रविवारी कलम एकोणीस आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. करारात नसलेल्या सभासद देशातल्या रक्तपेढीला आपल्या दात्यांची नावं यादीत देता येतील, आणि मागणी आली तर रक्त पाठवता येईल. मात्र त्याबदल्यात तिला मागण्याचा हक्क राहणार नाही.

"म्हणजे घ्यायला मनाई आहे," मावशी सावकाश म्हणाली. "द्यायला कुठे मनाई आहे?"

"नाही. पण द्यायचंच का?" बाईंनी विचारलं. "ज्यांनी माझ्या माणसासाठी कुलूप काढलं नाही, त्यांना?"

मावशीनं पानाचा कोपरा दुमडून खूण केली. मग बाईच म्हणाल्या, "द्या. त्यांना लाज वाटेपर्यंत द्या. आणि आपल्यांनाही."

दाते शोधणं हे पुढचं काम. सरांचा धाकटा भाऊ जहाजावरून परतला, तेव्हा मावशीनं त्याला सुई आधी टोचली आणि सांत्वन नंतर केलं. त्याचा गट तोच निघाला. तो काचपट्टीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी इथे असतो तर?" मावशीनं त्याला खोटा धीर दिला नाही. "तर ते असते," ती म्हणाली. "आता जे आहेत त्यांच्यासाठी दंड पुढे कर." त्यानंतर ती रक्तदानाला येणाऱ्या प्रत्येकाची एक जादा चाचणी करायला लागली. वर्षभरात दुसरा सापडला, एक ट्रक ड्रायव्हर. माणूस दरवाजाएवढा आणि सुईला असा घाबरणारा, की मला खास वरून बोलावून त्याचा दुसरा हात धरायला लावायचे. तिसरी पोहणं शिकवणारी एक मुलगी. तिघांची नावं यादीत गेली.

पहिली मागणी आली ती करारातल्या पार दुसऱ्या टोकाच्या देशातून. पिशवी थंड पेटीत घालून पुलाच्या मध्यावर पलीकडच्या भाऊंच्या हातात द्यायची, पुढचं ते बघणार. मावशी स्वतः पेटी घेऊन गेली. इतकी वर्षं फोनवर बोललेली ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली. भाऊ तिच्या खांद्याला लागत होते. "आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात," मावशी म्हणाली. "आवाजावरून तुम्ही गरीब वाटला होतात," भाऊ म्हणाले.

दोन वर्षांत अकरा पिशव्या गेल्या. अधीक्षकांना ठाऊक होतं, पण ते डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते. बिंग फुटलं ते आभारामुळे. संघटनेच्या कचेरीनं आमच्या मंत्रालयाला छापील आभारपत्र पाठवलं: आपण करारात नसूनही केलेल्या उदार मदतीबद्दल ऋणी आहोत. मंत्रालयात कुणालाच काही माहीत नव्हतं. आठवड्यात चौकशी लागली.

चौकशीला राजधानीतून उपसचिव आले. अधीक्षकांच्या खोलीत टेबलामागे ते, बाजूला अधीक्षक, कोपऱ्यात टिपणं घेणारी बाई. मावशीच्या वतीनं दाते हजर करायचे म्हणून ट्रक ड्रायव्हर, आणि त्याच्या सोबतीला मी, असे आम्ही दाराशी उभे होतो.

"परवानगी कोणाची घेतलीत?" उपसचिवांनी विचारलं.

"तिघांची," मावशी म्हणाली. "ज्यांचं रक्त होतं त्यांची."

"मी सरकारच्या परवानगीबद्दल विचारतोय."

"रक्त सरकारचं नव्हतं, साहेब."

अधीक्षक खोकले. उपसचिवांनी पेन खाली ठेवलं. ते चिडलेले नव्हते, थकलेले दिसत होते. "मॅडम, तुमचा हेतू मला कळतो. पण आपण बाहेर राहायचं ठरवलंय. तुम्ही मागच्या दारानं देशाला आत ढकलताय."

"आत कुठे? आत असते तर मागता आलं असतं. मी उंबऱ्यावर उभी राहून नुसती देतेय."

"हे थांबवा. तसं लिहून द्या आणि झाल्याबद्दल खेद व्यक्त करा. विषय इथे मिटेल."

"खेद आहे," मावशी म्हणाली. "चित्रकलेच्या सरांबद्दल आहे. तो लिहून देते. दुसरा कुठला नाही."

टिपणं घेणाऱ्या बाईंचा हात थांबला. "हेही लिहायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिहा की," मावशीच म्हणाली. "दोनदा लिहा."

निकाल लगेच लागला. रक्तपेढीतून मावशीची बदली दवाखान्याच्या चादरींच्या कोठारात. तळघर, साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास, वर एक झरोका. रक्तपेढीतून रक्त बाहेर पाठवायला लेखी मनाई. निघताना मावशीनं दारावरचं ते चिकटवलेलं पत्र नखानं सोडवून सोबत नेलं.

त्यांना वाटलं, संपलं. पण मनाई रक्तपेढीला होती, माणसांना नव्हती. पुढची मागणी आली तेव्हा भाऊंनी फोन तळघरात केला. मावशीनं ट्रक ड्रायव्हरला निरोप धाडला. त्यानं ट्रक काढला, पूल ओलांडला आणि पलीकडच्या रक्तपेढीत जाऊन दंड पुढे केला. सुईच्या भीतीनं घामाघूम झाला म्हणे. भाऊंनीच त्याचा हात धरला. परत आल्यावर छाती काढून मला म्हणाला, "सिस्टर, आता माझं अडलंय का तुमच्यावाचून?" पोहणं शिकवणारी मुलगी आपली वेळ आली तशी बसनं गेली. सरांचा भाऊ जहाज ज्या बंदराला लागेल तिथे देऊ लागला. कोणाला अडवणार? पुलावरच्या चौकीत दंडात वाहणारं रक्त दाखवावं लागत नाही.

त्या वर्षी करारातल्या देशांची वार्षिक बैठक होती आणि त्यांनी मावशीला पाहुणी म्हणून बोलावलं. मंत्रालयानं जायची परवानगी नाकारली. मावशीनं आठ दिवसांची हक्काची रजा टाकली आणि सरांच्या बाईंना घेऊन आगगाडीनं गेली. बैठकीचं मला बाईंनी सांगितलं. मोठं गोल दालन, प्रत्येक देशापुढे पाटी, कानाला लावायची यंत्रं. यांना भिंतीकडेच्या, पाटी नसलेल्या खुर्च्या. संघटनेचा सभासद म्हणून आमच्या देशाचा प्रतिनिधीही तिथे होता. त्याला मत नव्हतं, बोलायला मुभा होती. त्यानं मऊ आवाजात तेच मांडलं: काहींनीच पुढे जाणं म्हणजे बाकीच्यांना मागे टाकणं, अशानं कुटुंब फुटतं.

अध्यक्षबाईंनी पाहुणीला काही बोलायचंय का, विचारलं. मावशी उठली. तिनं आपल्याच भाषेत सुरुवात केली; काचेमागच्या दुभाष्याची धांदल उडाली.

"कुटुंबाचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "आम्ही सहा भावंडं. आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा निरोप सहांना गेला आणि आलो दोघं. मी आणि मधला भाऊ. चौघांना जमलं नाही. आम्ही तिला खाटेसकट उचलून दवाखान्यात नेलं. सहा खांदे जमेपर्यंत थांबलो असतो, तर ती अंगणातच गेली असती. पुढे आई नऊ वर्षं जगली, आणि त्या नऊ वर्षांत सहाही जणांची होती. आम्ही दोघांनी उचललं म्हणून ती काही आमच्या दोघांचीच झाली नाही. या साहेबांना विचारा, कुटुंब कशानं फुटतं? दोघांनी खाट उचलल्यानं, की दोघं उचलत असताना बाकीच्यांनी दार अडवल्यानं?"

दुसऱ्या दिवशी हे आमच्या वर्तमानपत्रात आलं. आणि माझ्या आईनं वाचलं.

आई म्हणजे मावशीची थोरली बहीण, न आलेल्या चौघांपैकी एक. पेपर घडी करून ती उठली, ती महिनाभर मावशीचं नाव घेईना. शेवटी एका दुपारी मावशीच आमच्याकडे आली. आईनं दार उघडलं, पण बस म्हणाली नाही.

"साऱ्या जगापुढे सांगायलाच हवं होतं?" आई म्हणाली. "मला तेव्हा सातवा महिना होता. रस्ता नव्हता. मी काय मजेत बसले होते?"

ते सातव्या महिन्याचं पोट म्हणजे मी. मी मान खाली घालून चहाचं आधण ठेवलं.

"अक्के, तुला कोण बोल लावतंय?" मावशी उभ्याउभ्याच म्हणाली. "ज्याला जमत नाही त्याला जमत नाही. इतक्या वर्षांत मी एका शब्दानं तरी विचारलं का? तू आली नाहीस, पण निरोप पाठवलास, की तुम्ही व्हा पुढे, माझी वाट बघू नका. मी नसताना आईला हलवू नका, असं तू म्हणाली असतीस, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं."

आईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तो निरोपाचा भाग सांगितलास का तिथे?"

"नाही. राहिला."

"मग पुढच्या वेळी सांग," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

चौदा महिन्यांनी आमचा देश करारात गेला, तेरावा; मधल्या काळात आणखी एक देश आत गेला होता. घोषणा मंत्र्यांनी केली. दूरदृष्टी, माणुसकी, सगळे शब्द होते, मावशी नव्हती. उपसचिवांचं मात्र एक खासगी पत्र तळघरात आलं. फक्त एका ओळीचा खेद लिहून द्या, तुम्हाला रक्तपेढीत परत घेतो, मी स्वतः सही करतो. तो माणूस मनापासून लिहीत होता, हे मावशीलाही कळलं. काका त्या दिवशी कधी नव्हे ते बोलले. "दे लिहून," ते म्हणाले. "एक ओळ तर आहे. तुझे हात त्या खोलीसाठी तळमळतात, मी बघतो ना."

"तळमळतात," मावशीनं कबूल केलं. "पण ती ओळ माझ्या हातून लिहिली गेली, तर उद्या माझ्या जागी बसलेली पोर पेटी उचलताना दहादा विचार करेल. तळमळू देत."

तिनं उत्तरात लिहिलं: चादरी चांगल्या आहेत.

करारानंतरची पहिली पिशवी माझ्याच वॉर्डात आली. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेला आलेली एक बाई, तोच गट. सकाळी दहाला मागणी गेली आणि एकच्या सुमाराला पेटी दारात. बाई वाचली. मी धावत तळघरात गेले. मावशी स्टुलावर चढून वरच्या फळीवर चादरींची चळत सरकवत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, निदान खाली तरी बसेल.

ती स्टुलावरूनच म्हणाली, "तीन तास? कोणी लावले तीन तास?"

आणि चष्मा डोळ्यांवर चढवत जिन्याकडे निघाली. रक्तपेढीत तिला जायला बंदी होती. नव्या तंत्रज्ञ मुलीनं तिला बघितलं, क्षणभर घुटमळली आणि मग स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. दोघींनी मिळून पेटीचा कागद घेऊन प्रत्येक सहीची वेळ तपासली. मंत्रालयात अजून एक जादा शिक्का लागत होता. त्यातच सव्वा तास गेला होता. मावशीनं तिथेच कागद मागितला आणि पत्र लिहायला घेतलं. अधीक्षक दारापर्यंत आले, आत डोकावले, आणि परत गेले.

तो शिक्का चार महिन्यांनी बंद झाला. मावशी चादरींच्या कोठारातूनच निवृत्त झाली.